ग्राफिक्स कार्ड घेताना कोणता आकडा पाहायचा?

एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे २०२३ सालचं, मधल्या किमतीतलं कार्ड. आधीचं ३०६० आलं तेव्हा त्यावर १२ जीबी मेमरी होती, यावर ८च. वीज मात्र १७० ऐवजी ११५ वॉट, त्यामुळे बहुधा जुनाच पॉवर सप्लाय चालून जातो. १०८०पी मॉनिटरला ते पुरेसं आहे. पण काही नव्या गेममध्ये टेक्स्चर ‘अल्ट्रा’वर नेलं की ८ जीबी भरते, उरलेला डेटा मदरबोर्डच्या वाटेने रॅममधून येऊ लागतो आणि ऐन वळणावर चित्र अडखळतं. सरासरी एफपीएस तेव्हाही झकास दिसू शकतो! म्हणून ‘१ टक्का लो’, म्हणजे सर्वांत मंद १ टक्का फ्रेमचा एफपीएस, हा आकडा आधी पाहा. फ्रेम जनरेशनने (कार्डाने मधे स्वतः बनवून घातलेल्या फ्रेमने) फुगवलेले आकडे सरळ बाजूला ठेवा. मॉनिटर १४४०पी असेल, तर १२ जीबीच्या खालचं कार्ड घेऊ नका.