कांजिण्या, देवी, एमपॉक्स, लम्पी : यातले खरे ‘पॉक्स’ कोणते?

घरात साठीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांचा दंड एकदा नीट पाहा. किंचित खोल गेलेला गोल व्रण दिसण्याची बरीच शक्यता आहे. तरुणांच्या डाव्या दंडावरही छोटी खूण असते, पण ती बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाच्या लसीची. आजी-आजोबांचा व्रण देवीच्या लसीचा. ही लस टोचणाऱ्याला गावात ‘देवी डॉक्टर’च म्हणत. एमपॉक्सची बातमी आली की या जुन्या लसीचा विषय पुन्हा निघतो. तो का, हे कळायला पॉक्सचं घराणं पाहायला हवं.

आधी एक गोंधळ मिटवू. कांजिण्यांना इंग्रजीत ‘चिकनपॉक्स’ म्हणतात, पण त्या पॉक्स विषाणूमुळे होतच नाहीत. त्यांचा विषाणू हर्पिस कुळातला. तोच शरीरात दबून राहतो आणि उतारवयात जागा झाला की नागीण होते. कोंबडीचा तर यात काहीच संबंध नाही!

खरे पॉक्स विषाणू आकाराने मोठे, साधारण विटेसारखे असतात. त्यांची जनुकं डीएनएची, त्यामुळे ते फ्लू किंवा कोरोनाइतक्या झपाट्याने बदलत नाहीत. देवी, एमपॉक्स, काऊपॉक्स आणि देवीच्या लसीतला व्हॅक्सिनिया हे विषाणू तर इतके जवळचे भाऊबंद आहेत, की एकाशी लढायला शिकलेलं शरीर दुसऱ्यालाही ओळखतं. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी याचाच फायदा घेतला. गवळणीच्या हातावरच्या काऊपॉक्सच्या फोडातला द्रव त्यांनी एका मुलाला टोचला आणि त्याला देवीपासून संरक्षण मिळालं. १८०२ मध्ये ही लस मुंबईत पोहोचली. भारतात ती सर्वात आधी मिळाली मुंबईतल्या तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला.

देवी झालेल्या दहांपैकी साधारण तीन जण दगावत. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर वण राहत, काहींची दृष्टी जाई. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसाममध्ये सापडला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त जाहीर केलं. मग लस थांबली. थांबायलाच हवी होती, कारण तिचे दुष्परिणाम होते आणि आजार उरला नव्हता.

पण ही लस एमपॉक्सलाही अडवत होती. काँगोमधल्या १९८० च्या दशकातल्या निरीक्षणांनुसार हे संरक्षण सुमारे ८५ टक्के होतं. लस बंद झाल्यावर जन्मलेल्या पिढ्यांकडे ते नाही. १९७० मध्ये काँगोतल्या एका बाळात माणसातला पहिला एमपॉक्स आढळला होता. २०२२ मध्ये तो शंभराहून अधिक देशांत पोहोचला. त्याच वर्षी जुलैमध्ये भारतातला पहिला रुग्ण केरळमध्ये सापडला. नाव माकडाचं असलं तरी संशय आहे तो उंदीर-खारीसारख्या प्राण्यांवर. माकडं बदनाम झाली, कारण १९५८ मध्ये हा विषाणू कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतल्या माकडांत दिसला.

मग अंगावर फोड आले तर ओळखायचं कसं? कांजिण्यांचे फोड पोट-पाठीवर जास्त असतात आणि एकाच वेळी काही नवे, काही सुकलेले दिसतात. एमपॉक्समध्ये चेहरा, तळहात, तळपाय किंवा गुप्तांगाजवळ फोड येतात, तापासोबत मान, काख किंवा जांघेत गाठी सुजतात. तो मुख्यतः त्वचेच्या जवळच्या संपर्कातून, शरीरसंबंधातूनही पसरतो. पण निदान फोटोवरून नव्हे, फोडातल्या नमुन्याच्या पीसीआर चाचणीनेच होतं.

लहान मुलांच्या अंगावर मधोमध खळगा असलेले मोत्यासारखे पुटकुळे येतात, तो मोलस्कम. हाही पॉक्सच, पण निरुपद्रवी. बहुतेकदा काही महिन्यांत, कधी वर्ष-दीड वर्षात आपोआप जातो.

आता गोठ्याकडे. २०२२ मध्ये लम्पीने राज्यातली हजारो जनावरं दगावली आणि ‘दूध पिऊ नका’ असे मेसेज फिरले. लम्पीचा विषाणू पॉक्स घराण्यातलाच, पण तो माणसाला होत नाही. दूध मात्र नेहमीप्रमाणे उकळूनच प्यावं. माणसाला होतो तो म्हशीचा पॉक्स. याच्या साथी सोलापूर, कोल्हापूर, जळगावकडे नोंदल्या गेल्या आहेत. म्हशीच्या सडांवर फोड आणि काही दिवसांनी धार काढणाऱ्याच्या बोटांवरही तसेच फोड, ही त्याची खूण. अशा जनावराची धार शेवटी काढावी, हातमोजे घालावेत, आणि बोटांवर फोड आलेच तर डॉक्टरांना म्हशीबद्दलही सांगावं.