दीड किलोचं बाळ आणि बुद्धीचा हिशेब

एनआयसीयूतून बाळ घरी आलं की बघायला येणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक कुजबुजतो, ‘एवढंसं पोर, डोक्यानं मागेच राहणार.’ दुसरा ठणकावतो, ‘काही होत नाही, न्यूटनसुद्धा जन्मला तेव्हा वीतभरच होता!’ दोघांचंही म्हणणं तपासून पाहता येईल इतका पुरावा आता हाताशी आहे आणि त्यातला मोलाचा भाग पुण्याचा आहे.

जन्माच्या वेळी २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलेलं बाळ ‘कमी वजनाचं’ मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, ज्यांच्या वजनाची नोंद झाली अशा शंभर बाळांमागे सुमारे १८ बाळं या गटातली असतात.

गैरसमज : वजन कमी म्हणजे बुद्धी कमी.

वस्तुस्थिती : पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते ८९ या काळात जन्मलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा थेट तारुण्यापर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८९ च्या आसपास निघाला, तुलनेसाठी घेतलेल्या मुलांचा ९७ च्या आसपास. फरक खरा आहे, पण ८९ हा आकडाही सामान्य बुद्धीच्या पट्ट्यातच बसतो. शिवाय सरासरी गटाची असते. एखाद्या मुलाचं भविष्य तिच्यावरून वर्तवता येत नाही.

या मुलांना अडचण आली ती वाचनात, गणितात आणि डोळा-हाताचा मेळ लागणाऱ्या कामांत. वर्गात अशा मुलावर ‘ढ’ किंवा ‘आळशी’ असा शिक्का चटकन बसतो. खरं तर त्याला नेमक्या त्या विषयात, वेळेवर मदत हवी असते.

गैरसमज : लहान बाळं सगळी सारखीच. त्यातही सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं दगावतं.

वस्तुस्थिती : बाळ दोन वाटांनी लहान राहतं. एक म्हणजे ते दिवस भरण्याआधीच जन्मतं. दुसरी म्हणजे दिवस भरतात, पण गर्भात वाढ खुंटते. काही बाळांच्या वाट्याला दोन्ही येतं. पुण्याच्या अभ्यासात याच मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सर्वांत कमी होता. म्हणून नुसत्या वजनावरून काही ठरत नाही, किती आठवडे भरले तेही पाहावं लागतं.

आठव्या महिन्याची समजूत तर उलटीच आहे. पस्तिसाव्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या जेमतेम दोन तृतीयांश असतं. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा कामी येतो, आठव्या महिन्यातलाही.

गैरसमज : न्यूटनचं झालं, तसं आपल्याही बाळाचं आपोआप होईल.

वस्तुस्थिती : शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठाच्या रुग्णालयात १९८९ मध्ये अवघ्या २८० ग्रॅमची मुलगी जन्मली. विशीत ती महाविद्यालयात मानसशास्त्र शिकत होती. पण तिचे वजनाच्या मानानं बरेच, म्हणजे जवळपास २७ आठवडे भरले होते आणि अशी उदाहरणं अपवाद असल्याचं तिच्या डॉक्टरांनीच बजावलं. न्यूटनचं नाव लक्षात राहतं. अडखळलेल्या मुलांची नावं कोणाच्या तोंडी नसतात.

गैरसमज : सहा महिने झाले तरी पालथं पडत नाही, म्हणजे मंद आहे.

वस्तुस्थिती : तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ दहा आठवडे आधी आलेलं असतं. सहा महिन्यांचं झालं तरी विकासाच्या मापानं ते साडेतीन-पावणेचार महिन्यांचंच धरायचं. दोन वर्षांचं होईपर्यंत डॉक्टर हाच हिशेब ठेवतात. मात्र या हिशेबानंही बाळ मागे वाटलं, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नये. आणि लस द्यायची ती जन्मतारखेनुसारच. तिथे ही वजाबाकी करायची नाही.

गैरसमज : एकदा वजन भरलं की मिटलं. नाहीतर मग इलाज नाही.

वस्तुस्थिती : बाळसं धरलं याचा अर्थ मेंदूला हवं ते सगळं मिळालं असा होत नाही. जमैकात दिवस भरलेल्या, पण कमी वजनाच्या बाळांच्या घरी आरोग्यसेविका जात. त्या आयांना बाळाशी बोलायला, खेळायला शिकवत. हे काम दोन वर्षांपर्यंत चाललं. सहाव्या वर्षी या मुलांची पाहिलेलं लक्षात ठेवण्याची क्षमता भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा चांगली होती आणि वागण्यातल्या तक्रारी कमी होत्या.

कोलंबियातल्या बोगोटात १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी काचेच्या पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून बाळांना आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच ‘कांगारू’ पद्धत. तिथल्या बाळांची वीस वर्षांनी पाहणी झाली तेव्हा अशा मुलांमध्ये चंचलता आणि आक्रमकपणा कमी आढळला. अमेरिकेतल्या फ्लोरिडात जन्मनोंदी आणि शाळेतले गुण एकत्र ताडून पाहिले, तेव्हा जन्मवजनाचा परिणाम शाळाभर टिकलेला दिसला. पण आईच्या शिक्षणानुसार पडणारी तफावत त्याहून कितीतरी मोठी होती.

घरच्यांनी करायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. बाळ २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं असेल, तर तीस दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. फारच लहान असेल तर त्याहूनही लवकर. कानांची तपासणी चुकवू नका. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि फॉलोअपच्या तारखा पाळा. शंका आली तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा पत्ता विचारा. तिथली तपासणी आणि उपचार मोफत असतात.