तारेची वाट

सोलापूर म्हटले की चादर आणि टॉवेल ही दोन नावे परगावच्या माणसाच्या तोंडी प्रथम येतात, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु ज्या मागांवर आणि यंत्रांवर हे वैभव उभे राहिले त्यांचा धोटा, सुताची कांडी, गिरणीतले बॉबिन हा बराचसा सरंजाम लाकडाचा होता, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून ज्या गिरण्यांनी या शहराला गिरणगावाचे रूप दिले, त्या एकामागून एक बंद पडल्या. आणि अशाच कोणत्या तरी गिरणीतले एक लाकडी बॉबिन काही वर्षांपूर्वी मला भंगाराच्या दुकानात, गंजलेल्या बिजागऱ्यांच्या ढिगात, सापडले. वीतभर लांबीचे, तेलाने काळवंडलेले, आणि चातीवर बसावे म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पोखरलेले. ते पोकळ लाकूड डोळ्यांसमोर धरून मी दुकानाच्या दारातून रस्ता पाहिला, आणि टेबलावरचा लाकडी दिवा करण्याच्या उद्योगात ज्या एका अडचणीने मला सहा महिने हैराण केले होते, तिचा निकाल कोणा अनामिक कातारीने आधीच लावून ठेवलेला दिसला.

ती अडचण भोकाची. आपल्या घरातली समई घ्या, किंवा कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत तयार होऊन महाराष्ट्रभर गेलेला प्रभाकर कंदील घ्या. दोहोंत तेल आणि ज्योत एकमेकांच्या शेजारी नांदतात, आणि समईच्या दांड्याला वर भार धरण्यापलीकडे काम नसते. विजेच्या दिव्याचे तसे नाही. त्याचे तेल दूर कुठे तरी असते आणि ते तारेतून, स्तंभाच्या पोटातून, वर चढवावे लागते. म्हणून माझे मत असे झाले आहे की, नवशिक्याने दिव्याचा आकार, नक्षी, झळाळी यांची तजवीज करण्यापूर्वी तारेची वाट मुक्रर करावी. ती ठरली की बाकीचा दिवा तिच्याभोवती आपोआप जमत जातो.

मी स्वतः हा क्रम उलटा धरला होता. फूटभर लांबीची सागवानी काठी रंधून, गुण्या लावून चौरस केली, तिच्या कडा पॉलिश पेपरने मऊ केल्या, आणि मग वरून गिरमिट लावले. दहा इंचांवर त्याचे टोक बाजूच्या अंगातून बाहेर आले. यात हाताचा दोष होता तितकाच लाकडाच्या स्वभावाचाही होता: रेषांच्या दिशेने भोक पाडताना पात्याला कठीण आणि मऊ असे पट्टे आळीपाळीने लागतात, ते मऊ पट्ट्याकडे झुकते, आणि एकदा झुकले की प्रत्येक इंचागणिक अधिकच भरकटत जाते.

समोरच्या गल्लीतल्या मिस्त्रींना मी ती काठी दाखवली. त्यांनी ती उलटसुलट फिरवली आणि म्हणाले, “सर, आरपार भोक मारायचं मनातनं काढा. काठी उभी चिरा, दोन्ही फाळ्यांना आतनं अर्धी अर्धी खाच मारा आन् परत चिकटवा की.” “पण मिस्त्री, सांध्याची रेघ दिसणार नाही का?” असे मी विचारले. “त्याच काठीच्या दोन फाळ्या, रेघेला रेघ मिळते. कुठं दिसतंय?”

ही युक्ती तपशिलाने सांगण्याजोगी आहे. काठी मधोमध चिरून दोन्ही आतल्या बाजूंवर रंध्याचा एक हलका हात फिरवावा, मध्यावर समांतर रेघा आखाव्यात आणि गोल पटाशीने सुमारे चार मिलिमीटर खोल अर्धवर्तुळाकार खाच कोरावी. दोन्ही खाचा समोरासमोर आल्या म्हणजे आठ मिलिमीटरची नळी तयार होते. सागाच्या अंगी नैसर्गिक तेल असते व ते फेव्हिकॉलला नीट धरू देत नाही, सबब चिकटवण्यापूर्वी ती बाजू स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यावी. आणि मिस्त्रींनी अगदी शेवटी, दारातून परतताना सांगितलेली गोष्ट अशी की, फाळ्या मिटण्याआधी खाचेत मेण चोळलेली सुतळी घालून ठेवावी. शिकंजा आवळला की जास्तीचा डिंक आत नळीत पाझरतो आणि वाळून वाट बंद करतो. पंधरा मिनिटांनी ती सुतळी मागेपुढे ओढून काढली की नळी स्वच्छ राहते. शिकंजा रात्रभर तसाच राहू द्यावा.

लाकडाच्या निवडीविषयी वखारीत अनेक मते ऐकू येतात. आपल्या मुलखातील बाभूळ बैलगाडीच्या चाकांना आणि शेतीच्या अवजारांना शतकानुशतके पुरली, परंतु ती नवशिक्याच्या पटाशीला दाद देत नाही. शिसम देखणा असला तरी महाग व कठीण. साग मऊसर व विश्वासू, मात्र त्याच्यातल्या वाळूसदृश कणांमुळे हत्याराची धार लवकर जाते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे लाकूड मुरलेले असणे. सोलापूरच्या वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, आणि दोनच महिन्यांत हवा ओलसर होते; या फेऱ्यात लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र आक्रसते आणि फुगते, इतके की सहा इंच रुंदीच्या सागाच्या फळीत सुमारे एक मिलिमीटरचा फरक पडू शकतो. मी एका वखारीतून घाईने आणलेली ओली फळी दिव्याच्या बैठकीला वापरली होती. फाल्गुनात सपाट असलेली ती बैठक ज्येष्ठात तीन पायांवर उभी राहिली.

बैठकीच्या स्थैर्याचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येकाने कागदावर करावा. पंधरा सेंटिमीटर रुंद बैठकीच्या दिव्याचा गुरुत्वमध्य वीस सेंटिमीटर उंचीवर असेल, तर तो सुमारे 21 अंश कलताच कोसळतो. तोच गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटरवर आणला तर 37 अंशांपर्यंत तग धरतो. म्हणून बैठकीच्या पोटात खोबण करून लोखंडाची चकती बसवतात. तिच्या स्क्रूची भोके लांबट ठेवावीत, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते.

विजेच्या बाबतीत कसूर नको. लोखंडी चकती किंवा पितळी होल्डर असेल तर तीन पदरी तार घेऊन अर्थिंग जोडावेच; सर्व धातू टाळून बॅकेलाइटचा होल्डर वापरला तर दोन पदरी तार पुरते. बटण फेजच्या तारेवरच असावे. बैठकीच्या आत तारेला एक गाठ मारावी, म्हणजे कोणाचा पाय अडकून तार ओढली गेली तरी ताण होल्डरच्या स्क्रूपर्यंत पोचत नाही. आणि तार जिथून बाहेर येते तिथे रबरी कडी घालावी. पूर्वी साठ वॉटच्या बल्बाची धग कापडी छत्रीला करपवत असे. आता नऊ वॉटचा एलईडी जवळजवळ तेवढाच प्रकाश देतो, त्यामुळे सोलापूरच्या पूर्व भागातल्या हातमागावरचे साधे सुती कापडही छत्रीला निर्धास्तपणे लावता येते. छत्रीची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला असावी; त्याहून वर गेली की बल्ब डोळ्यांत खुपतो.

झळाळीसाठी मी अजून चपडाच पसंत करतो. लिटरभर स्पिरिटात सुमारे दोनशे ग्रॅम चपडा रात्रभर विरघळवावा, गाळावा, आणि कापसाच्या पुरचुंडीने पातळ थर देत जावे. त्यावर चहाचा तापलेला पेला ठेवला तर पांढरा डाग उमटतो, एवढे पथ्य पाळावे लागते.

भंगारातल्या त्या बॉबिनला मात्र मी चपड्याचा एकच हात दिला. त्याच्या अंगावर सूत वर्षानुवर्षे गुंडाळले गेल्याने बारीक वळ्या पडल्या आहेत. पॉलिश पेपरने त्या दोन मिनिटांत गेल्या असत्या. तार मी वरून सोडली आणि ती कोठेही न अडखळता खाली हातात आली. वळ्या तशाच आहेत, आणि दिवा तिरपा लावला की त्या प्रत्येक वळीची सावली शेजारच्या वळीवर पडते.