धुण्याचा क्रम आणि डेंटिनची धूप

टोरंटो विद्यापीठातील मॅकोम्ब आणि स्मिथ यांनी १९७५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाताच्या मुळातील नळी तपासली आणि फाइल या बारीक अवजाराने घासताना तिच्या भिंतीवर बसणारा बारीक चुऱ्याचा लेप, म्हणजेच स्मिअर लेअर, दाखवून दिला. त्या शोधनिबंधाला २०२५ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. मात्र हा लेप काढण्याच्या खटाटोपात खालच्या डेंटिनचे काय होते, हा प्रश्न त्यातील पहिली पंचवीस वर्षे जवळजवळ मागच्या बाकावरच बसून होता.

एनॅमलच्या आत असणारे आणि दाताचा बहुतांश भाग व्यापणारे डेंटिन वजनाने सुमारे ७० टक्के खनिज आणि २० टक्के सेंद्रिय द्रव्य असते, बाकीचे पाणी. खनिज त्याला कठीणपणा देते, तर सेंद्रिय भागातील कोलॅजन हे प्रथिन चिवटपणा देते. रूट कॅनालच्या उपचारात वापरली जाणारी दोन प्रमुख द्रावणे नेमकी याच दोन घटकांवर काम करतात. पहिल्या महायुद्धातील जखमा धुण्यासाठी डेकिन यांनी रूढ केलेले सोडियम हायपोक्लोराइट जंतू मारते आणि सेंद्रिय द्रव्य विरघळवते, तर १९५७ साली नायगार्ड-ऑस्टबी यांनी या उपचारात आणलेले ईडीटीए कॅल्शियम बांधून घेऊन खनिज काढते. आधी १७ टक्के ईडीटीए आणि शेवटी ५.२५ टक्के हायपोक्लोराइट ही जोडी १९८३ पासून प्रमाण मानली गेली, कारण तिने नळी चकचकीत होत असे.

खरी उलथापालथ झाली ती २००१ ते २०११ या दशकात. लंडनच्या ईस्टमन संस्थेतील संशोधकांनी २००१ साली डेंटिनच्या छोट्या पट्ट्या हायपोक्लोराइटमध्ये ठेवून वाकवून पाहिल्या, तेव्हा ३ आणि ५ टक्के तीव्रतेला त्यांची वाकताना टिकण्याची ताकद घटलेली आढळली. ही घट तीव्रतेबरोबर वाढते, सेंद्रिय भाग कमी होतो आणि खनिज मात्र शाबूत राहते, हे झुरिकच्या गटाने २००७ मध्ये दाखवले. दरम्यान २००२ साली अंकाऱ्यातील चाल्ट आणि सेर्पेर यांनी ईडीटीए एक मिनिटाऐवजी दहा मिनिटे ठेवल्यास डेंटिनमधील सूक्ष्मनलिकांभोवतीचा भाग झिजतो असे नोंदवले आणि ईडीटीएच्या माथी दोष बसला. त्या प्रयोगात ईडीटीएनंतर हायपोक्लोराइटही सोडले होते, हा तपशील पुढे उद्धृत करणाऱ्या कित्येकांनी सोयीस्करपणे गाळला. तो गुंता सोडवायला २०११ उजाडले: व्हँकूव्हरमधील चियान, शेन आणि हापासालो यांनी ठळक झीज मुख्यतः खनिज काढल्यावर वापरलेल्या हायपोक्लोराइटमुळे होते असे दाखवले, कारण कौले उतरवलेल्या घरावर वळीव कोसळावा तसे ते उघड्या पडलेल्या कोलॅजनवर तुटून पडते. थोडक्यात, दोन दशकांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांनी शिकवलेला क्रमच धूप वाढवणारा होता आणि त्याबद्दलची कबुली मात्र फार दबक्या आवाजात आली.

एवढे हाती लागूनही पुढची वर्षे कंटाळवाणी गेली. काढलेला दात कापायचा, द्रावणात बुडवायचा, पृष्ठभागाची सूक्ष्मकठीणता मोजायची आणि नवे द्रावण जुन्यापेक्षा सौम्य ठरवायचे, हा साचा भारतातील पदव्युत्तर प्रबंधांतही पक्का बसला. चारही बाजूंनी भिजलेली पट्टी आणि आतल्या बाजूनेच ओली होणारी मुळाची भिंत यांतला फरक या आकड्यांत उमटत नाही. शिवाय, द्रावणे बाजूला ठेवली तरी पोखरलेल्या पोकळीने दात किती दुबळा होतो हे १९८९ सालीच मोजून झाले होते: रूट कॅनालच्या प्रक्रियेने उपदाढेचा ताठपणा ५ टक्क्यांनी घटतो, तर पुढची, वरची आणि मागची बाजू एकत्र कोरणाऱ्या मोठ्या पोकळीने ६३ टक्क्यांनी. हायपोक्लोराइटमध्ये मिसळूनच वापरता येणाऱ्या एटिड्रोनेट या सौम्य कॅल्शियमबंधकामुळे क्रमाचा प्रश्न बराचसा मिटू शकतो, हा विचार झुरिकमधूनच २००५ साली पुढे आला होता. परंतु या द्रावणांनी धुतलेल्या दातांची मुळे वर्षानुवर्षे चावताना कशी टिकतात हे पाहायला रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा लागतो आणि एमडीएस या तीन वर्षांच्या दंतवैद्यकीय पदव्युत्तर अभ्यासक्रमात तो बसत नाही.