प्रौढांतील इसब आणि प्रतिपिंड औषधे : शरीरांतर्गत प्रवासाचे स्वरूप

प्रास्ताविक :
प्रौढांमधील ॲटोपिक इसब हा केवळ त्वचेचा विकार नसून त्याच्या मुळाशी रोगप्रतिकार यंत्रणेतील बिघाड असतो. मलमांनी आटोक्यात न येणाऱ्या मध्यम ते तीव्र इसबासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली ड्युपिल्युमॅब या औषधास मान्यता दिली. २०२१ मध्ये ट्रॅलोकिनुमॅब आणि २०२४ मध्ये लेब्रिकिझुमॅब यांची त्यात भर पडली. ही औषधे मोनोक्लोनल प्रतिपिंडे, म्हणजेच प्रथिने आहेत. शरीर त्यांना बहुतांशी आपल्याच प्रथिनांप्रमाणे हाताळते. या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शोषण :
तोंडावाटे घेतल्यास अन्नातील प्रथिनांप्रमाणेच प्रतिपिंडाचेही पचन होईल. म्हणून ते त्वचेखाली टोचले जाते. सुमारे १४७ किलोडाल्टन रेणुभारामुळे ड्युपिल्युमॅब मुख्यतः लसीकावाहिन्यांच्या मार्गाने सावकाश रक्तात पोहोचते. त्याची सर्वोच्च पातळी सुमारे आठवड्याने येते. प्रौढांना प्रारंभी ६०० मिलिग्रॅम व नंतर दर दोन आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम मात्रा दिली जाते. रक्तातील पातळी सुमारे १६ आठवड्यांत स्थिरावते.

विघटन व पुनर्वापर :
यकृतातील सायटोक्रोम विकर या औषधांचे विघटन करीत नाहीत, तसेच एवढा मोठा रेणू मूत्रावाटे फारसा बाहेर पडत नाही. पेशी प्रतिपिंड आत ओढून घेतात व लयकारिकांमध्ये त्याचे अमिनो आम्लांत रूपांतर होते. मात्र नवजात एफसी ग्राही हे प्रथिन पेशीतील आम्लधर्मी कोशात अनेक प्रतिपिंडांना धरून ठेवते व पुन्हा रक्तात सोडते. अशा संरक्षक ग्राहीची कल्पना ब्रँबेल व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये मांडली होती. ट्रॅलोकिनुमॅबचे अर्धायुष्य सुमारे २२ दिवसांचे असते, ते या पुनर्वापरामुळेच.

ड्युपिल्युमॅबच्या बाबतीत आणखी एक मार्ग महत्त्वाचा ठरतो. हे औषध पेशीपृष्ठावरील इंटरल्यूकिन-४ ग्राहीच्या अल्फा घटकाशी जखडले जाते आणि त्या ग्राहीसह पेशीत ओढले जाऊन नष्ट होते. पातळी उच्च असताना ग्राही व्यापलेले असल्याने या मार्गाचा वाटा अल्प राहतो. पातळी खालावली की तो प्रभावी ठरतो व उरलेले औषध अधिक वेगाने संपते. त्यामुळे या औषधाचे अर्धायुष्य एकाच आकड्यात सांगता येत नाही. स्थिर पातळीनंतर उपचार थांबविल्यास साधारणतः १० ते १२ आठवड्यांत रक्तातील औषध मोजण्यापलीकडे जाते.

निष्कर्ष :
या विवेचनातून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली, यकृत व मूत्रपिंड यांवर औषधाचा भार पडेल ही सर्वसामान्य भीती या औषधांना जशीच्या तशी लागू पडत नाही. उलट, रुग्णाचे वजन अधिक असल्यास रक्तातील पातळी कमी राहते. दुसरी, खाज थांबली म्हणून रुग्णाने परस्पर मात्रा चुकविल्यास पातळी अपेक्षेहून झपाट्याने उतरू शकते. दोन आठवड्यांचे अंतर ही केवळ सोय नसून ते औषधाच्या शरीरांतर्गत गतीशी निगडित आहे. त्यात बदल करावयाचा झाल्यास तो त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करणे इष्ट होय.