दात सरकतो तेव्हा

दात सरळ करणाऱ्या अलाइनरचा नवा ट्रे बसवला की रात्री दात आवळल्यासारखे वाटतात आणि दुसऱ्या दिवशी पोळीचा घासही नकोसा होतो. हे दुखणं सोसायचं असेल तर आधी त्याचं कारण कळायला हवं.

दात हाडात घट्ट रुतलेला नसतो. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. नवा ट्रेही दाताला एका वेळी फार तर पाव मिलिमीटर हलवण्याच्या बेतानेच घडवतात. तो बसवताच हा थर एका बाजूला दाबला जातो, दुसऱ्या बाजूला ताणला जातो. दाबाच्या बाजूचं हाड झिजवणाऱ्या पेशी जाग्या होतात, ताणाच्या बाजूला नवं हाड रचणाऱ्या. या कामात प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांचा मोठा वाटा असतो, आणि मज्जातंतूंना हळवं करतात तीही हीच. म्हणून साधारण दुसऱ्या दिवशी ठणका सर्वाधिक असतो. बहुधा आठवड्याच्या आत तो ओसरतो.

दुखण्यावर घेतलं जाणारं आयब्युप्रोफेन हे प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने दात सरकण्याचा वेग कमी झालेला दिसला आहे. म्हणूनच अनेक ऑर्थोडॉन्टिस्ट पॅरासिटामॉल सुचवतात. तेही आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

दुखतंय म्हणून ट्रे काढून ठेवण्याचा मोह मात्र आवरा. दिवसाचे २० ते २२ तास तो तोंडात हवा. काढून ठेवला की ताणलेले तंतू दाताला मागे खेचतात आणि पुन्हा घालताना तेच दुखणं नव्याने सुरू होतं. नवा ट्रे झोपण्यापूर्वी बदलावा, म्हणजे सुरुवातीचे तास झोपेत जातात. मग दोन दिवस मऊभात, खिचडी, थंड ताक. च्युई नावाची छोटी रबरी सुरळी दाताखाली धरून हलके चावलं की ट्रे नीट बसतो. कडा गालाला किंवा जिभेला टोचत असेल तर तिथे दातांचं मेण लावावं. ट्रे गरम पाण्याने धुऊ नये, तो घालून चहाही पिऊ नये. उष्णतेने प्लास्टिकचा आकार बिघडतो.

दात किंचित हलल्यासारखा वाटणं स्वाभाविक आहे. पण एकाच दातात ठणका राहिला, हिरडी सुजली, किंवा ट्रे आणि दातामध्ये फट दिसू लागली, तर पुढचा ट्रे घालण्याआधी डॉक्टरांना दाखवा.