गैरहजरांचा अभ्यास

"तपासणीला आलात का?" मुख्याध्यापकांनी पहिल्या दिवशी विचारलेला पहिला प्रश्न हा होता. हातात गटशिक्षणाधिकाऱ्यांचं परवानगीपत्र आणि पिशवीत प्रश्नावल्यांचे गठ्ठे, मग शाळेला संशोधक आणि तपासनीस सारखेच दिसणार. दुसऱ्या दिवशी झाडून सगळी पोरं गणवेशात होती. तिसऱ्या दिवशी शाळा मला विसरली आणि तेव्हा कुठे माझं काम सुरू झालं.

विषयाचं नाव भारदस्त होतं : 'ग्रामीण प्राथमिक शाळांतील विद्यार्थ्यांचा शालेय अनुभव व संपादणूक यांवर परिणाम करणारे घटक'. शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. वर्ग पाचवीचा. मागच्या सतरंजीच्या टोकाला बसायचं आणि सरांनी कोणाला प्रश्न विचारला, कोणाचं उत्तर पूर्ण ऐकून घेतलं, वही कोणाची तपासली, हे सगळं निरीक्षणपत्रकात रेघा मारून नोंदवायचं. आठवडाभरात रेघांचा एक पट्टाच तयार झाला. खिडकीकडच्या पुढच्या दोन ओळींत रेघा मावत नव्हत्या आणि दाराकडच्या मागच्या कोपऱ्यात कागद कोरा होता. सर वाईट नव्हते. चौथी-पाचवी एकत्र शिकवत होते, मध्येच ऑनलाइन माहिती भरत होते, खिचडीचे तांदूळ मोजून देत होते. ज्याच्याकडून उत्तर येतं त्यालाच प्रश्न जातो. वेळ कमी असता तर मीही तेच केलं असतं.

प्रश्नावलीने मात्र माझी चांगलीच फजिती केली. रेन्सिस लायकर्टने १९३२ साली मांडलेली पाच पायऱ्यांची पद्धत, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. पहिलं विधान होतं : 'मला शाळेत आपलेपणा वाटतो.' एका मुलाने पेन्सिल चावत विचारलं, "मॅडम, सरांना कोणतं आवडंल?" त्याच्या शेजारच्याने तेवढंही विचारलं नाही, पहिल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सरळ खुणा करत गेला. मग शब्द काढून मी चेहरे छापले, हसरा ते रडका. मुलांनी हसऱ्या चेहऱ्यावर रांगेने खुणा केल्या. हसणारं तोंड म्हणजे बरोबर उत्तर, हे पहिलीपासून वहीवर मिळणाऱ्या शिक्क्यांनी त्यांना शिकवलेलंच होतं.

शेवटी कोरे कागद वाटले. शाळेचा नकाशा काढा म्हटलं. आवडती जागा हिरवी, नावडती लाल. मुलांचं मैदान हिरवं झालं. मुलींपैकी बऱ्याच जणींनी स्वच्छतागृह लाल केलं, कारण नळाला पाणी नव्हतं. एकीने वर्गातला मागचा कोपराच लाल रंगवला. माझ्या निरीक्षणपत्रकातला कोरा कोपरा तो हाच. ती तिथेच बसायची. त्या एका दुपारी मला जे कळलं ते प्रश्नावलीच्या दोन महिन्यांत कळलं नव्हतं.

दिवाळीनंतर मी वाचनाच्या दुसऱ्या फेरीच्या मोजणीला गेले तेव्हा तो कोपरा खरोखरच रिकामा होता. नुसता कोपरा नाही, निम्म्याहून जास्त सतरंज्या गुंडाळून भिंतीला लावल्या होत्या. कारखान्यांचा हंगाम लागला होता. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून घेतलेली उचल आणि ती फेडायला चार-पाच महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोड. मुलांनी गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आजी-आजोबा असतील तर ती चालते. त्या मुलीची आजी ओसरीवर बसली होती. म्हणाली, "पोरगी गेली आईसंग. बारक्याला कोण सांभाळंल?" संमतिपत्रावर अंगठा घ्यायला गेले होते तेव्हा याच आजीने कागद लांब धरून विचारलं होतं, "उचलीचा न्हाई ना ह्यो?" त्या वेळी मी हसले होते.

हजर मुलांची मोजणी करून मी पुण्याला परतले आणि आकडे संगणकात भरले. सॉफ्टवेअरची मूळ रीत अशी की ज्या ओळीतला एकही आकडा गायब असेल ती अख्खी ओळ विश्लेषणातून वगळायची. वगळली. वर्गाची सरासरी वाढली आणि घटकांचे संबंध सुबक दिसू लागले. मला बरं वाटलं, हे कबूल करते. मार्गदर्शकांनी तक्ता पाहिला आणि पेन ठेवलं. "जूनमध्ये होती तेवढी मुलं इथं नाहीत. कुठं गेली?" मी म्हटलं, गैरहजर. ते म्हणाले, "मग तुमचा विषय तिकडं गेलाय."

शैक्षणिक संशोधनात सगळेच जेम्स कोलमनचं नाव घेतात. त्याचा १९६६ सालचा अमेरिकेतला अहवाल माझ्याही आराखड्याच्या पहिल्या पानावर होता. सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी, चार हजारांच्या आसपास शाळा आणि निष्कर्ष असा की इमारती-साहित्यापेक्षा घरची परिस्थिती आणि सोबतची मुलं यांचा संपादणुकीशी संबंध जास्त. पण त्या तक्त्यांत घर एका जागी उभं असतं. आई-वडील किती शिकले, घरात पुस्तकं किती, हे विचारलं की झालं. घरच उठून ट्रकमध्ये बसलं तर काय विचारायचं? मुलांचं वाचन-गणित तपासणारी 'असर'ची पाहणी २००५पासून शाळेत न होता घरोघरी होते, त्याचं मर्म मला तेव्हा कळलं. शाळेत मोजलं तर शाळेत आलेलंच मूल मोजलं जातं.

जानेवारीत साताऱ्याकडच्या एका कारखान्याच्या तळावर गेले. उसाच्या पाचटाच्या कोप्यांची रांग, त्यापुढे बैल, धूर. आई-बाप पहाटेच फडात गेलेले. मुलगी कोपीपुढे उभी, कडेवर भाऊ. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, अशा चार पायऱ्यांचा वाचनाचा कागद मी पुढे धरला. जूनमध्ये तिने परिच्छेद सरळ वाचला होता. आता दोन वाक्यं वाचून थांबली, भावाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, ओळ हरवली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भावाने कागद ओढला. नियमाप्रमाणे अडखळत वाचलेला परिच्छेद धरता येत नाही. मुलाला सहज जमेल ती सर्वांत वरची पातळी लिहायची. मी 'शब्द' लिहिलं. ते लिहिताना हात जड झाला, पण नियम मोडला असता तर पुढच्या प्रत्येक मुलासाठी मोडावा लागला असता. कडेवरच्या भावासाठी पत्रकात रकाना नव्हता. तो मी समासात पेनने आखला, त्याच तळावर आणखी काही मुलींसाठी लगेच वापरावा लागला.

मी परत निघाले तेव्हा तिने विचारलं, "वर्गात माझी जागा हाय का अजून?" मी हो म्हटलं. सतरंजी गुंडाळलेली मी पाहिली होती, तरीही.

प्रबंधात आता स्थलांतरित मुलांचं प्रकरण वेगळं आहे आणि वगळलेल्या ओळी परत आल्या आहेत. त्यामुळे सरासरी खाली आली, संबंध विस्कटले. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी नमुना 'अस्वच्छ' असल्याचा शेरा दिला. पुढच्या जूनमध्ये मी शाळेत गेले तेव्हा मुलगी परत आली होती. सहावीच्या हजेरीपटात तिचं नाव सगळ्यांत शेवटी, वेगळ्या शाईने लिहिलेलं होतं.